कंटेनर पुसला, नोंद राहिली

डॉकरची, म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या सुट्या डब्यांत चालवण्याची, सवय लागली की माणूस कुठलीही यंत्रणा मोडायला घाबरत नाही. कंटेनर उभा करायचा, त्यात हवं ते करून बघायचं, बिघडलं की काढून टाकायचा आणि त्याच इमेजमधून दुसरा उभा करायचा. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करताना मी हेच शिकले आणि माझ्याबरोबरच्या नव्या मुलामुलींनाही हेच शिकवत आले. ब्लॉकचेन डेटाबेस नेमकं याच्या उलट मागतो. तिथे केलेली नोंद कायमची असते. फेरफाराच्या नोंदवहीत जुनी नोंद खोडत नाहीत, तिच्यापुढे नवा फेरफार घालतात, तसं तिथे चालतं. बिगचेनडीबी नावाचा असा एक डेटाबेस मी कंटेनरमध्ये चालवून पाहिला. त्या प्रयोगात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक या दोन सवयींची गल्लत केल्यामुळे झाल्या. काही चुकांनी फक्त माझा वेळ गेला. एका चुकीचा त्रास मात्र ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांना झाला. ती सांगायची तर बाकीच्याही सांगायला हव्यात, कारण ती एकटी आली नव्हती.

बिगचेनडीबी मूळचा बर्लिनचा. तिथली अ‍ॅस्क्राइब ही कंपनी कलाकारांच्या डिजिटल कामांची मालकी बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवत होती. बिटकॉइनवर नोंद व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक नोंदीला शुल्क पडतं. तेव्हा या कंपनीचे ट्रेंट मॅकॉनही, ब्रूस पॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने विचार केला: ब्लॉकचेनला डेटाबेसच्या वेगाने पळवायच्या खटपटीपेक्षा, आधीच वेगवान असलेल्या डेटाबेसला ब्लॉकचेनचे गुण द्यावेत. २०१६ साली आलेला पहिला अवतार रीथिंकडीबीवर बांधलेला होता. त्याच वर्षी रीथिंकडीबीची कंपनी बंद पडली आणि पुढे मोंगोडीबीचा आधार घेतला गेला. २०१८ च्या २.० आवृत्तीत रचनाच बदलली. आता प्रत्येक नोडवर, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक सहभागी ठिकाणी, तीन गोष्टी असतात: बिगचेनडीबीचा सर्व्हर, त्या नोडचा स्वतःचा मोंगोडीबी आणि नोड्समध्ये एकमत घडवून आणणारा टेंडरमिंट. आधी सगळ्या नोड्सचा मिळून एकच डेटाबेस असायचा. त्यामुळे एका नोडचा ताबा मिळवलेला माणूस सगळ्यांचा डेटा उडवू शकत असे. नव्या रचनेत त्याचे हात त्याच्या स्वतःच्या प्रतीपुरतेच पोचतात. हे वाचलं आणि मला हा डेटाबेस वापरून बघावासा वाटला.

विषय घरातच होता. माझं आजोळ देवगड तालुक्यातलं, मामाची हापूसची बाग आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या खोक्यातून विकला जातो, आणि दर हंगामात मामाच्या पडवीत हा विषय निघतोच. बिगचेनडीबीत एखाद्या मालमत्तेची पहिली नोंद 'क्रिएट' व्यवहाराने होते आणि मालक बदलला की 'ट्रान्सफर' व्यवहार होतो. प्रत्येक पेटी ही एक मालमत्ता, असं मी ठरवलं. बाग कुणाची, गाव कोणतं, काढणी कधी झाली, पेटी किती डझनी, हे पहिल्या नोंदीत. मग पेटी बागायतदाराकडून वाशीच्या आडत्याकडे, तिथून दुकानदाराकडे गेली की तसं हस्तांतर. गिऱ्हाइकाने खोक्यावरचा कोड स्कॅन केला की सगळा प्रवास समोर.

सुरुवातीच्या चुका कंटेनर वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या होतात. बिगचेनडीबीचा सर्व्हर मुळात 'लोकलहोस्ट'च्या ९९८४ या पोर्टवर ऐकतो. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, त्यामुळे बाहेरून दार ठोठावत बसले तरी उत्तर येईना. सगळ्या पत्त्यांवर ऐक, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. मोंगोडीबी आधी आणि सर्व्हर नंतर, असा क्रम डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये लिहिला, तर तो क्रम फक्त कंटेनर सुरू होण्याचा निघाला. आतला डेटाबेस तयार झाला की नाही, याची वाट कुणी बघत नव्हतं. इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहिल्यामुळे टेंडरमिंटची नवी आवृत्ती खाली आली आणि सर्व्हरशी तिचं बोलणंच जुळेना. बिगचेनडीबीच्या माहितीपुस्तिकेत टेंडरमिंट ०.३१.५ हीच आवृत्ती लागेल, त्याच्या पुढची चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते पान नंतर उघडलं.

पहिली गंभीर चूक मला बराच काळ चूक वाटलीच नाही. माझ्या पहिल्या मांडणीत डेटा कंटेनरच्या आतच होता. कंटेनर काढला, डेटा गेला. यावरचा उपाय म्हणजे व्हॉल्यूम, म्हणजे डेटा कंटेनरच्या बाहेर ठेवणं. तो केला. पण मोंगोडीबीचा डेटा एका व्हॉल्यूममध्ये आणि टेंडरमिंटचा दुसऱ्यात होता, आणि एकदा जागा मोकळी करताना मी फक्त टेंडरमिंटचा व्हॉल्यूम उडवला. पुन्हा सुरू केल्यावर टेंडरमिंट चालायलाच तयार होईना. त्याच्या मते साखळीची उंची शून्य होती, पण अ‍ॅप, म्हणजे बिगचेनडीबी, त्याला सांगत होतं की आपण कित्येक ब्लॉक पुढे आहोत. अ‍ॅप साखळीच्या पुढे असूच शकत नाही, म्हणून तो थांबला. त्याचं थांबणं योग्य होतं. साखळीची खरी स्थिती या दोन ठिकाणी मिळून असते, त्यातलं अर्धं फेकून उरलेलं वापरता येत नाही.

इथे मी शांत बसून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी 'कंपोज डाऊन' ला 'व्ही' जोडून सगळे व्हॉल्यूमच पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काही क्षणांत नवी कोरी साखळी हजर. पुढे प्रत्येक अडचणीवर मी हाच उपाय वापरत गेले. नोड अडकला, पुसा. नोंदी विस्कटल्या, पुसा. तो उपाय इतका स्वस्त होता की एक बिघडलेला नोड बाकीच्यांकडून साखळी मागवून पुन्हा उभा कसा करायचा, हे मी शिकलेच नाही. खऱ्या जाळ्यात नोड वेगवेगळ्या लोकांचे असतात. तिथे सगळ्यांना 'पुसा आणि नव्याने या' असं सांगणारा कुणी नसतो. जाळं चालवताना खरोखर लागणारं एकमेव कौशल्य मी अशा रीतीने टाळत राहिले, आणि प्रयोग छान चालला आहे असं समजत राहिले.

किल्ल्यांचंही तसंच झालं. बिगचेनडीबीत मालक म्हणजे एक सार्वजनिक किल्ली, आणि पेटी पुढे द्यायची तर तिच्या जोडीच्या खासगी किल्लीने सही करावी लागते. ही जोडी वापरणाऱ्याच्या बाजूला तयार होते. डेटाबेस खासगी किल्ली कुठेही ठेवत नाही, आणि ठेवू नयेच. माझी स्क्रिप्ट काम संपताच आपोआप नाहीशा होणाऱ्या कंटेनरमध्ये चालायची आणि किल्ल्या त्याच्याच आतल्या एका फाइलमध्ये लिहायची. कंटेनर गेला, फाइल गेली. पेट्या साखळीवर होत्या, मालकही होता, पण त्या मालकाच्या नावाने सही करू शकणारं जगात कुणी उरलं नव्हतं. पासवर्ड विसरल्यावर नवा मागवण्याची इथे सोय नाही. मला याचा धक्का बसायला हवा होता. पण मी पुन्हा सगळं पुसलं, किल्ल्यांची फाइल व्हॉल्यूममध्ये ठेवली आणि पुढे गेले. एखाद्या बागायतदाराचा मोबाइल पाण्यात पडला आणि किल्ली त्यातच होती, तर त्याच्या हंगामाच्या पेट्यांचं काय, हा प्रश्न त्या दिवशीच पडायला हवा होता.

एका नोडवर समाधान होईना, तेव्हा एकाहून जास्त नोड करायचे ठरवले. सगळ्या नोड्सची 'जेनेसिस' फाइल एकसारखी लागते, कारण साखळीचं नाव आणि सुरुवातीचे मतदार तिच्यात असतात. म्हणून मी पहिल्या नोडचं अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या-तिसऱ्यासाठी चिकटवलं. त्या फोल्डरमध्ये नोडची ओळख आणि त्याची मतदानाची किल्लीही होती. एकाच किल्लीने दोन ठिकाणांहून मत पडणं म्हणजे टेंडरमिंटच्या लेखी सरळ सरळ लबाडी, आणि एकाच ओळखीचे दोन नोड एकमेकांशी जोडलेही जात नाहीत. जे सारखं असायला हवं ते आणि जे वेगळं असायलाच हवं ते, मी एका कॉपी-पेस्टमध्ये एकत्र केलं होतं. फोल्डरची नक्कल करण्याची आमच्या धंद्यातली सवय फार खोल आहे. ती मोडायला मला हाताने प्रत्येक नोडच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

किल्ल्या वेगळ्या केल्यावर तीन नोड चालू लागले. आता एक बंद करून बघू, म्हणजे उरलेले दोघे काम पुढे नेतात का कळेल, असं ठरवलं. तिघांत दोघं म्हणजे बहुमत, असं मी गृहीत धरलं होतं. टेंडरमिंटला बहुमत पुरत नाही. त्याला दोन तृतीयांशांहून अधिक मतं लागतात. तिघांतले दोघे म्हणजे बरोबर दोन तृतीयांश, त्याहून अधिक नाही. साखळी तिथल्या तिथे थांबली. एक नोड लबाड निघाला किंवा पडला तरी जाळं चालावं, असं हवं असेल तर किमान चार लागतात. दोघांपासून संरक्षण हवं तर सात. हे गणित १९८० च्या दशकापासून, लॅम्पोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न मांडल्यापासून, सगळ्यांना ठाऊक आहे. मीही ते कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

साखळी थांबली हे मला लगेच कळलंही नाही. माझी स्क्रिप्ट पेट्यांच्या नोंदी पाठवत होती आणि सर्व्हरकडून २०२ असं उत्तर येत होतं. २०२ म्हणजे 'विनंती घेतली'. मी ते 'नोंद झाली' असं वाचत होते. व्यवहार पाठवण्याच्या ज्या पद्धतीत सर्व्हर ब्लॉक बनण्याची वाट बघत नाही, ती पद्धत मुळात लागू असते. नोंदी टेंडरमिंटच्या प्रतीक्षायादीत, मेमरीत, साचत होत्या. मी कंटेनर बंद केले आणि त्या गेल्या. 'कमिट' पद्धतीने पाठवलं असतं तर उत्तर यायला वेळ लागला असता, पण ते उत्तर खरं असतं. पेटी ट्रकमध्ये चढवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर हिरवी खूण येते आणि नोंद मात्र झालेलीच नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं तेव्हा या चुकीचं वजन कळलं. तोवर मी तिला वेगाची सोय समजत होते.

चार नोड लॅपटॉपवर बसवताना मेमरी पुरेना. चार मोंगोडीबी एकाच यंत्रावर, प्रत्येकाला वाटे सगळी मेमरी आपलीच. अधूनमधून एखादा कंटेनर १३७ हा आकडा देऊन मरायचा, म्हणजे प्रणालीनेच त्याला मारलेलं असायचं. प्रत्येकाला मर्यादा घालून ते मार्गी लागलं. मग चारही चालू असताना मी एक गोष्ट करून पाहिली, जी खरं तर सगळ्यांत आधी करायला हवी होती. थेट मोंगोडीबीत शिरून एका पेटीचं गाव बदललं. मोंगोडीबीने निमूट बदल घेतला. एका लूपमध्ये चारही ठिकाणी तोच बदल केला, चारही ठिकाणी बसला. व्यवहाराचा आयडी हा त्यातल्या मजकुराचाच हॅश, म्हणजे गणिती ठसा, असतो, त्यामुळे तो पुन्हा काढून ताडला असता तर खोटेपणा उघडा पडला असता. टेंडरमिंटच्या ब्लॉकमध्ये मूळ मजकूरही होता. पण ताडून बघणार कोण? चारही नोड माझे, चारही मतदानाच्या किल्ल्या माझ्या, लॅपटॉप माझा. मनात आणलं तर अख्खी साखळी मी नव्या मजकुरासह पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा बनवू शकत होते. एका माणसाच्या ताब्यातल्या चार कंटेनरांत सॉफ्टवेअर शिकता येतं. विश्वास वाटून घेणं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याची चाचणी तिथे होतच नाही.

आता ती चूक.

पहिल्या नोंदीत मी बागायतदाराचं नाव आणि मोबाइल नंबर घातला होता. गिऱ्हाइकाला थेट फोन करता येईल, असा विचार होता. खोटे नंबर टाकण्याऐवजी मी मामाकडून त्याच्या वाडीतल्या बागायतदारांची खरी नावं आणि नंबर मागून घेतले. खऱ्या माहितीवर चालवलं की प्रयोग खरा वाटतो, हे त्यामागचं कारण, आणि ते पुरेसं नव्हतं. मामाने आपल्या डायरीतून एकेक वाचून दाखवले. त्यांतल्या एकांनी नंतर मामाला सांगितलं, माझा नंबर नको त्यात. मी कंटेनर पुसले, त्यांचा नंबर वगळून नोंदी पुन्हा भरल्या आणि मामाला कळवलं, काढला. त्यांचं समाधान झालं. माझंही झालं. पण मी जे उत्तर दिलं ते फक्त माझ्या लॅपटॉपवरच देता येण्याजोगं होतं. वाशीला, देवगडला, रत्नागिरीला नोड असते तर तो नंबर मला काय, कुणालाच काढता आला नसता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. आंब्याच्या बागेतल्या माणसाने तो हक्क कायद्याचं नाव न घेता मागितला होता, आणि माझी रचना तो देऊच शकत नव्हती. त्या वेळी हे लक्षात आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

मामाला हे सगळं त्याच्या मोबाइलवर दिसावं म्हणून मी भाड्याच्या एका सर्व्हरवर एकच नोड चढवला. सगळं एकाच कंटेनरमध्ये असलेली तयार इमेज आणि तिच्याबरोबर दिलेली आज्ञा मी जशीच्या तशी वापरली. त्या आज्ञेत मोंगोडीबीचं २७०१७ हे पोर्टही बाहेर उघडलेलं असतं, आपल्याच यंत्रावर डेटाबेस आतून बघता यावा म्हणून. मी सर्व्हरवर फायरवॉल लावली होती आणि तिच्यात ते पोर्ट बंद होतं. मला एवढं ठाऊक नव्हतं की डॉकर बाहेर उघडलेल्या पोर्टांसाठी लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो आणि उबुंटूवरची ती सोपी फायरवॉल त्यांच्या आड येतच नाही. फायरवॉल 'बंद' म्हणत होती आणि दार सताड उघडं होतं. मोंगोडीबीला पासवर्डही नव्हता. २०१७ च्या जानेवारीत जगभरातले असे हजारो उघडे मोंगोडीबी पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या. त्या बातम्या मी तेव्हाच वाचल्या होत्या.

काही दिवसांनी मामाने सांगितलं, काही दिसत नाही. मी आत जाऊन पाहिलं तर सगळे संग्रह गेलेले, आणि त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये पैसे मागणारी एक नोंद. कधीही बदलता येणार नाही म्हणून मी जो डेटा लोकांना दाखवत होते, तो अनोळखी माणसाने एका आज्ञेत पुसला होता, कारण त्याची प्रत एकच होती. पण त्याचं मला फारसं वाटलं नाही. पेट्यांच्या नोंदी पुन्हा भरता येत होत्या. पुसण्याआधी त्याने सगळं उतरवून घेतलं असणार, आणि त्यात त्या वाडीतल्या माणसांची नावं आणि नंबर होते. ते परत घेता येणार नव्हते.

मामाला फोन केला. आधी तांत्रिक शब्दांत सांगू लागले, मग थांबले आणि सरळ सांगितलं की नोंदींतले सगळे नंबर चोरीला गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने डायरी काढली आणि एकेक नाव पुन्हा वाचलं, या वेळी मी त्यांना फोन करावा म्हणून. मी प्रत्येकाला फोन केला. काय झालं ते सांगितलं, बँकेच्या नावाने कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका म्हटलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एका वयस्कर बागायतदारांनी विचारलं की मग आता काय करायचं, नंबर बदलायचा का? त्यांच्या मुलाचं मुंबईहून येणं-जाणं, आडत्याचा फोन, सोसायटीचे निरोप, सगळं त्याच नंबरावर. मी म्हणाले, बदलू नका, सावध राहा. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नंतर पहिला विचार आला तो नंबरांऐवजी त्यांचे हॅश ठेवण्याचा. सुदैवाने या वेळी आधी हिशेब केला. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. सेकंदाला दहा लाख हॅश काढणारं यंत्र त्या सगळ्या ४,००० सेकंदांत, सव्वा तासाच्या आत, काढून संपवतं. नंबराचा नुसता हॅश म्हणजे जवळजवळ नंबरच. आता मी प्रत्येक नंबरासाठी एक लांबलचक यादृच्छिक गुपित तयार करते, ते साखळीबाहेर साध्या डेटाबेसात ठेवते आणि दोन्ही मिळून काढलेला हॅश तेवढा साखळीवर जातो. कुणी म्हणालं काढा, तर गुपित आणि नंबर दोन्ही पुसता येतात. साखळीवर उरलेल्या हॅशवरून मग कुणाला काही सापडत नाही. पुसता यायला हवं ते पुसता येईल अशा जागी ठेवलं की मग कायमची जागा कायमची राहू शकते. हे काम पहिल्या दिवसाचं होतं.

मांडणीतली एक चूक मात्र यंत्राकडून नाही, वाशीला जाऊन कळली. पाच डझनी पेटी ही एक अखंड मालमत्ता, असं मी धरलं होतं. बाजारात पेटी उघडली जाते. आकारानुसार फळ वेगळं होतं, डागी बाजूला जातं, एक-एक डझनाच्या खोक्यांत भरलं जातं, आणि एका खोक्यात दोन बागांचं फळ सहज येतं. बिगचेनडीबीत विभागता येणारी मालमत्ता करता येते. पेटी ६० नगांची म्हणून नोंदवून बारा-बारा नग वेगवेगळ्या मालकांना देता येतात. पण ते पहिल्या नोंदीतच ठरतं. माझ्या नोंदी एकेका नगाच्या होत्या, आणि पहिली नोंद बदलत नाही. आणि विभागता येणारी पेटी नोंदवली असती तरीही, दोन बागांची सरमिसळ झालेल्या खोक्याला ही रचना काय म्हणणार, हा गुंता सुटलेला नाही. बाजारात उभं राहून अर्धा तास पाहिलं असतं तर आधीच कळलं असतं. मी कंटेनर उभे करण्यात गुंतले होते.

हे सगळं मामाला समजावून सांगितलं, चार नोड, सह्या, हॅश. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "ता सगळा खरा गो, पण पेटयेत काय भरला ता कोण बघतलो?" साखळी एवढंच सांगते की अमुक किल्लीने अमुक वेळी अमुक दावा केला, आणि तो दावा नंतर बदलला नाही. दावा खरा होता का, हे सांगायला बागेत उभं असलेलं माणूस लागतं. भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी, संस्थेचा तपासनीस, बागेतल्या झाडांच्या मानाने पेट्या जास्त तर निघाल्या नाहीत ना याचा ताळा, हे काम साखळीच्या आधीचं आहे.

बिगचेनडीबीची २०२० नंतर नवी मोठी आवृत्ती आलेली नाही, आणि त्याचे संस्थापक ओशन प्रोटोकॉल या दुसऱ्या कामाकडे वळले. त्यामुळे खऱ्या बाजारात मी तो वापरणार नाही. शिकायला मात्र तो अजूनही उत्तम आहे, कारण त्याचे तीनही भाग सुटे दिसतात. माझ्याकडे तो अजून चालतो. प्रत्येक इमेजची आवृत्ती ठरलेली. मोंगोडीबीचं पोर्ट बाहेर उघडतच नाही, आणि जे उघडतं ते फक्त १२७.०.०.१ वर. नोंदी कमिट पद्धतीने जातात. किल्ल्या कंटेनरच्या बाहेर, त्यांची प्रत दुसऱ्या जागी. बागायतदारांची नावं बनावट. आणि सगळं पुसायची मला बंदी: एखादा नोड मुद्दाम मोडते आणि बाकीच्या तिघांकडून साखळी घेऊन तो उभा करते, कितीही वेळ लागला तरी.

चार नोड चार ठिकाणी ठेवायला चार माणसं शोधणं याहून अवघड निघालं. तालुक्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांनी कार्यालयात एक यंत्र ठेवायची तयारी दाखवली आहे. दुसरं मामाकडे. वाशीच्या ज्या आडत्याकडे मामाच्या पेट्या जातात, त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली: माझा भाव दुसऱ्या आडत्याला दिसेल का? दिसेल, असं मी सांगितलं. बिगचेनडीबीत नोंदलेलं सगळं प्रत्येक नोडला दिसतं, ते लपवायची सोय त्यात नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे; पट्टीवरचा भाव हा त्यांचा आणि बागायतदाराचा मामला. भाव, वजावट, हमाली, यांतलं काहीही नोंदीत घालणार नाही, फक्त पेटी, बाग, तारीख आणि कुणाकडून कुणाकडे एवढंच जाईल, असं मी त्यांना लेखी दिलं आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. चौथ्या जागेसाठी कुणी मिळालेलं नाही.